खाट क्रमांक सातचे भांडे

माणूस खरा कसा वागतो हे जाणून घ्यायचे तर त्याला काही विचारू नये. नुसते पाहत बसावे. परिचर्या संशोधनात याला प्रत्यक्ष निरीक्षण म्हणतात. (हेच बाल्कनीतून केले तर चोंबडेपणा. फरक फक्त तक्त्याचा.)

आमच्या वॉर्डाचे भाग्य असे, की हे संशोधन आमच्यावर झाले. विषय: रुग्णाने घंटा दाबल्यापासून सिस्टर पोहोचेपर्यंत लागणारा वेळ. एक निरीक्षक बाई घड्याळ आणि तक्ता घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. नियम एकच, निरीक्षकाने कशालाही हात लावायचा नाही. लावला की निष्कर्ष नासतात. बाईंच्या नोंदी बरोबर आहेत ना, हे पाहायला दुसऱ्या स्टुलावर एक साहेब. त्यांनाही तोच नियम.

दहा वाजून पाच मिनिटांनी सात नंबरच्या आजोबांनी घंटा दाबली. दोन्ही घड्याळे सुरू झाली.

एरवी सिस्टर अर्ध्या मिनिटात येतात. आज पाहणारे आहेत म्हटल्यावर त्यांनी बेसिनवर हात शास्त्रशुद्ध धुवायला घेतले: तळवे, बेचक्या, नखे, मनगटे.

"आलेच हं आजोबा, अंगठे राहिलेत!"

आजोबांनी बाईंकडे पाहिले. "ताई, जरा ते भांडं द्या हो. घाईची लागलीय." भांडे खाटेखाली, बाईंच्या चपलेपासून दीड वीत.

"आजोबा, मी इथे नाहीच असं समजा."

"तुम्ही नसता तर सिस्टर कधीच आल्या असत्या की!"

(हे वाक्य 'रुग्णाचे इतर उद्गार' या रकान्यात गेले.)

"मग त्या साहेबांना तरी सांगा."

"ते माझ्यावर लक्ष ठेवायला आहेत."

सिस्टर पोहोचल्या तेव्हा त्यांचे हात आरशासारखे लखलखत होते आणि काम फक्त चादर बदलण्याचे उरले होते. आजोबांनी भिंतीकडे तोंड केले. दुपारी सून डबा घेऊन आली, तेव्हाही वळले नाहीत.

दोन्ही तक्ते ताडून पाहिले. सात मिनिटे चाळीस सेकंद, दोन्हीकडे तंतोतंत. शंभर टक्के मेळ! असा मेळ वर्षानुवर्षे मिळत नाही म्हणे. चादरीला रकाना नव्हता.

मी शेजारच्या आठ नंबरवर, पाय प्लास्टरमध्ये, म्हणून सुटलो. तुम्ही वाचणारे मात्र धडधाकट. घंटा वाजल्यापासून इथेच आहात, आणि आजोबांनी भांडे मागितले तेव्हा गालातल्या गालात हसलात.

वेळ लिहून घेतली आहे.