सतराव्या खाटेची तक्रार

सतराव्या खाटेवरचा रुग्ण सकाळी दहाला घरी गेला आणि साडेबारा वाजले तरी त्या खाटेची चादर बदलायला कुणाला फुरसत मिळाली नव्हती. फुरसत मिळायची तर दोघींनाच: मोठ्या सिस्टर, आणि त्यांच्या हाताखालची, जिला सगळा वॉर्ड धाकटी म्हणे. खाटा होत्या तीस. तिसऱ्या सिस्टरची जागा दोन वर्षांपूर्वी कागदावर मंजूर झाली होती आणि तेव्हापासून ती कागदावरच सुखात होती. मोठ्या सिस्टरांनी तिच्यासाठी नऊ अर्ज केले. नवांचीही उत्तरं आली, अगदी वेळेवर आणि सभ्य भाषेत, की आपला अर्ज मिळाला. ती सगळी उत्तरं एका निळ्या फाइलीत लावून, फाइल पर्समध्ये घालून त्या रोज कामावर आणत आणि रोज घरी नेत. न जाणो, कधी कुणी विचारलंच तर हाताशी असावी.

दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. धाकटीने तर राजीनामा लिहून खिशात ठेवला होता आणि महिनाअखेरीपर्यंत तिसरी आली नाही तर तो देणार, हे सांगूनही टाकलं होतं. त्यात धमकी नव्हती, पंचविशीतच कंबर धरायला लागली होती बिचारीची. "तुम्हाला एकटं टाकून जायचं वाईट वाटतं मला," ती म्हणाली होती, "पण तुमच्या वयाची झाल्यावर मला तुमच्यासारखं नाही व्हायचं." मोठ्या सिस्टरांना ते लागलं. खोटं मात्र वाटलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

तर त्या दिवशी बाविसाव्या खाटेवरच्या काकांचा हात लागला आणि सूपचा अख्खा वाडगा मोठ्या सिस्टरांच्या अंगावर आला. जादा युनिफॉर्म कपाटात होते, कपाटाची किल्ली भांडारपालाकडे होती आणि भांडारपाल जेवायला गेले होते. हे सगळं नेहमीचंच, त्यामुळे त्यांनी कपाळाला हातही लावला नाही. रुग्णांचा हिरव्या चौकड्यांचा धुतलेला गाऊन होता, तो अंगात चढवला आणि सतराव्या खाटेची चादर काढायला घेतली. सकाळी सातपासून त्या उभ्या होत्या. पाणी प्यायल्या नव्हत्या, कारण प्यायलं की जावं लागतं आणि जायला वेळ कुठे असतो. चादरीचं एक टोक सुटलं, दुसरं सुटलं, तिसऱ्या टोकाला खाट गोल फिरायला लागली. दोन मिनिटं टेकू म्हणून त्या टेकल्या आणि आडव्याच झाल्या.

नेमके तेव्हाच नवे डॉक्टर आले. त्यांना वॉर्डात येऊन चारच दिवस झाले होते. खाटांचे नंबर पाठ झाले होते, माणसं अजून व्हायची होती. सतरा नंबरवर रुग्णाच्या कपड्यातली एक बाई, चेहरा पांढराफटक, रक्तदाब ऐंशीवर. मुलगा कामसू. त्याने झटपट सुई टोचली, सलाइन लावलं आणि नाव, वय, नातेवाइकाचा फोन विचारला. मोठ्या सिस्टर अर्धवट गुंगीत होत्या, पण वीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरलेल्या. कुणी फॉर्मातलं विचारलं की त्यांच्या तोंडून उत्तर आपोआप येई. नाव सांगितलं, वय सांगितलं, सासूबाईंचा फोन नंबर तर एक आकडा न चुकता सांगितला. पूर्ण जाग आली तेव्हा केसपेपर तयार झाला होता आणि कॉम्प्युटरने त्यांना दाखल करून घेतलं होतं.

"डॉक्टर, मी इथली सिस्टर आहे."

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा रक्तदाब मोजला. "असाल," ते म्हणाले, "पण या आकड्याला सिस्टर काय आणि कोण काय, उठायचं नाही." एकदा दाखल झालेलं माणूस मोठ्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कॉम्प्युटरमधून बाहेर निघत नसे, आणि मोठे डॉक्टर पाचला येत.

धाकटीने कार्यालयात फोन लावला. वॉर्डात एक रुग्ण वाढलाय आणि एक सिस्टर कमी झालीय, कुणाला तरी पाठवा, असं तिने सांगितलं. तिथल्या हेडक्लार्कांनी शांतपणे रजिस्टर बघितलं. दोन्ही सिस्टरांचे अंगठे सकाळी लागले होते, बाहेर जाताना कुणाचाच लागला नव्हता. म्हणजे दोघीही कामावर. मोठ्या सिस्टरांना काम थांबवायचं असेल तर त्यांनी खाली येऊन हजेरीच्या मशीनवर अंगठा लावावा. पण दाखल रुग्णाला डिस्चार्जशिवाय वॉर्डाबाहेर जाता येत नाही, हे धाकटीने त्यांना सांगितलं. मशीन वर आणता येईल का, असंही विचारलं. मशीन भिंतीत पक्कं बसवलेलं होतं. हेडक्लार्कांना मनापासून वाईट वाटलं आणि त्यांनी फोन ठेवला.

आता सोळा ते तीस या खाटा त्या दिवशी मोठ्या सिस्टरांच्या वाट्याच्या. म्हणजे कागदोपत्री सतराव्या खाटेवरच्या रुग्णाची सिस्टर कोण, तर सतराव्या खाटेवरचाच रुग्ण. दर अर्ध्या तासाची नोंद तर करायलाच हवी. मोठ्या सिस्टरांनी एका हाताने स्वतःची नाडी धरली, घड्याळ बघितलं आणि तक्त्यात आकडा लिहिला. शेजारच्या सोळा नंबरच्या आजींच्या गोळ्यांची वेळ झाली, तेव्हा सलाइनचा स्टँड ढकलत त्या उठल्या. डॉक्टर लांबून ओरडले. त्या परत येऊन आडव्या झाल्या आणि इमानदारीत तक्त्यात लिहिलं, 'रुग्ण सूचना पाळत नाही.'

तेवढ्यात सासूबाई येऊन थडकल्या, हातात पिशवी, पिशवीत टॉवेल, वाटी-चमचा आणि सुनेची शाल. आपला रुग्ण दाखल झाला आहे, असा मेसेज त्यांच्या फोनवर गेला होता. स्वभावाने त्या तिखट. सुनेच्या नोकरीबद्दल त्यांचं मत शेजारपाजारी सगळ्यांना ठाऊक होतं: खुर्चीत बसून गोळ्या वाटायच्या, दमायला काय होतं? आज त्या स्टुलावर बसल्या आणि आधी ती खुर्ची शोधायला लागल्या. वॉर्डात खुर्ची एकच होती. तिच्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर टेकवलेला होता.

सुनेच्या अंगावर त्यांनी शाल घातली. आणि मोठ्या सिस्टर झोपल्या. पाच-दहा मिनिटांची डुलकी म्हणतात तशी नव्हे, तोंड किंचित उघडं टाकून, लहान पोरासारख्या झोपल्या. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सून दिवसाउजेडी झोपलेली सासूबाईंनी कधी पाहिली नव्हती. त्यांना भरून आलं, आणि मग त्याचाच राग आला.

सलाइन संपत आलं. सासूबाईंनी बेल दाबली. कुणी आलं नाही. पाचव्या खाटेवरचे आजोबा न्हाणीघरात घसरले होते आणि धाकटी त्यांच्यापाशी होती. बेल पुन्हा दाबली. धाकटी "आलेच हं" म्हणत पळत गेली आणि पळतच परत गेली. नळीत रक्त उलटं चढायला लागलं. सहाव्या बेलेनंतर सासूबाई उठल्या, दिसेल त्या डॉक्टरांना हाताला धरून आणलं, सलाइन काढायला लावलं आणि दारापाशी टांगलेली रुग्णांची तक्रारवही गाठली. पेन सुतळीने बांधलेलं होतं. वाकून, ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं की खाट नंबर सतराच्या रुग्णाने सहा वेळा बेल वाजवली, सिस्टर एकदाही आली नाही, आजारी माणसाला असं वाऱ्यावर सोडणाऱ्या सिस्टरवर कारवाई व्हावी. खाली सही केली आणि कंसात लिहिलं, रुग्णाची सासू.

पाच वाजता मोठ्या डॉक्टरांनी घरी सोडलं. वाटेत रिक्षात सासूबाईंनी मोठ्या अभिमानाने हे सगळं सांगितलं.

"आई," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सतरा नंबरची सिस्टर मीच होते."

सासूबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "मग तू आली का नाहीस?" त्यांनी विचारलं, आणि दोघी इतक्या हसल्या की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

आठ दिवसांनी नोटीस आली तेव्हा मात्र हसू आलं नाही. नऊ अर्ज जिथे दोन वर्षं पडून होते, तिथून तक्रारीवर आठव्या दिवशी कागद निघाला होता: रुग्णाकडे दुर्लक्ष केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. सर्व्हिस बुकात लाल शेरा बसला असता, म्हणजे मेट्रन व्हायची आशा संपली. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. उद्याच जाऊन वहीतलं पान मागे घेते, पाया पडते, काय वाटेल ते करते, असं त्या म्हणाल्या. मोठ्या सिस्टरही हो म्हणणार होत्या. मग त्यांनी कागद उलटून मागची बारीक अक्षरं वाचली. संबंधित कर्मचाऱ्याला समितीसमोर बोलवावं, त्याचं म्हणणं संपूर्ण ऐकावं, शब्दशः नोंदवावं आणि पंधरा दिवसांच्या आत निर्णय द्यावा. त्यांनी ते तीनदा वाचलं.

"आई, मागे घेऊ नका," त्या म्हणाल्या.

धाकटीने समजावलं, रडली सुद्धा. माझ्या राजीनाम्यापायी तुम्ही तुमचं वाटोळं करू नका, म्हणाली. महिना संपायला अकरा दिवस होते.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पलीकडे तिघे साहेब. अलीकडे एक खुर्ची होती, गादीची. मोठ्या सिस्टरांना क्षणभर कळेना की ती कुणासाठी आहे. अध्यक्षांनी हाताने बसा म्हटलं, तेव्हा त्या बसल्या. वीस वर्षांत या इमारतीत त्यांना कुणी बसा म्हटल्याचं त्यांना आठवेना. पर्स त्यांनी मांडीवर घेतली.

अध्यक्षांनी तक्रार वाचून दाखवली. "हे खरं आहे का?"

"खरं आहे."

"म्हणजे सतरा नंबरच्या रुग्णाकडे तुम्ही लक्ष दिलं नाहीत?"

"नाही दिलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बरीच वर्षं दिलेलं नाही."

अध्यक्षांनी कागद पुन्हा बघितला. रुग्णाचं नाव बघितलं, सिस्टरचं नाव बघितलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा दोन्ही नावं बघितली. शेजारचे साहेब खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले. शेवटी अध्यक्षांनी नियमात लिहिलेला प्रश्न विचारला, कारण तो विचारणं भाग होतं.

"तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मोठ्या सिस्टरांनी पर्स उघडली आणि निळी फाइल टेबलावर ठेवली. कोपऱ्यात लिहून घ्यायला बसलेल्या कारकुनाकडे वळून त्या म्हणाल्या, "कागद थोडे जास्त घ्या. शब्दशः लिहायचं आहे ना, मी सावकाश सांगते."

दोन तास लागले. मधे अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, नंतर बघायचं सोडून दिलं.

निर्णय चौदाव्या दिवशी आला. पण महिनाअखेर आधीच येऊन गेली होती आणि धाकटीने राजीनामा दिला नव्हता. कागद घड्यांवर विरून त्याचे चार तुकडे झाले, पुन्हा लिहायला वेळ मिळाला नाही, असं ती म्हणाली. निर्णयात दोन गोष्टी होत्या. वॉर्डात तिसरी सिस्टर नेमली होती, तूर्त तीन महिन्यांसाठी. आणि मोठ्या सिस्टरांना लेखी ताकीद होती की सदर रुग्णाकडे यापुढे दुर्लक्ष होऊ नये.

सासूबाईंनी ताकिदीचा तो कागद डब्यांच्या फळीपाशी चिकटवला. सकाळी सून घाईने निघाली की डबा आणि पाण्याची बाटली घेऊन त्या दारात आडव्या उभ्या राहत आणि कागदाकडे बोट दाखवत. एका सकाळी डबा हातात देता देता त्यांनी विचारलं, "आणि हे तीन महिने संपल्यावर गं?"

मोठ्या सिस्टर चपला घालता घालता थांबल्या. त्याची काळजी त्यांनाही होतीच. कळत नाही, म्हणाल्या, पुन्हा अर्ज करीन दहावा.

"अर्ज नको," सासूबाई म्हणाल्या. "ती वही अजून दारापाशीच असते ना?"