प्रॉक्सी सर्व्हरची पत्रिका

बाहेर जाणारी एकही सुरक्षित जोडणी लागेना, तेव्हा इब्रामपूरच्या कृष्णनाथांनी आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत तोंड उघडले, म्हणजे कळफलकावरच. त्यांच्या पडवीत गावचे वाचनालय होते. तिथले सगळे संगणक एका प्रॉक्सी सर्व्हरमधून इंटरनेटवर जात. त्याचा प्रोग्राम जगभरच्या प्रोग्रामरनी मिळून लिहिलेला, सर्वांना खुला. त्यांच्या चर्चा कृष्णनाथ वर्षानुवर्षे नुसत्या वाचत आले होते. आपण काय बोलणार, म्हणून गप्प. या वेळी मात्र मोबाइलवरून खोडत खोडत त्यांनी लिहिले, "नवी आवृत्ती चढवल्यापासून प्रत्येक साइटचे ओळख पटवणारे प्रमाणपत्र नाकारले जाते. दोष बहुधा तुमच्या तपासणीत आहे."

चर्चा पेटली. कोणी म्हणाले, तपासणी सैल करा. कोणी म्हणाले, मग चोरांना दार उघडेच. शेवटी म्होरक्या यारोस्लावने प्रागहून नवी आवृत्ती मागे घेतली आणि कृष्णनाथांचे जाहीर आभार मानले. ती ओळ त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवली.

तेवढ्यात यारोस्लावने विचारले, "तुमच्या सर्व्हरच्या संगणकावर तारीख काय आहे?"

कृष्णनाथांनी त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले. तारीख सत्तावीस वर्षांपूर्वीची! त्या दिवशी यातले एकही प्रमाणपत्र जन्माला आले नव्हते.

"शालिनी, ह्या संगणकाक हात कोणी लावलो?"

"मीच. देवकीच्या पल्लवीची पत्रिका करूची होती. तो फुकटचो प्रोग्राम आजचीच कुंडली मांडता. म्हणान तिच्या जन्माची तारीख घातलंय."

"आणि परत कोण करतलो?"

"माझ्या ध्यानात नाय ऱ्हवला. काय, बिघडला?"

"प्रागपर्यंत बिघडला!"

कृष्णनाथ परत मोबाइलकडे वळले. संगणकातल्या घड्याळाची बॅटरी संपली म्हणून सांगावे, असे क्षणभर वाटले. पण मग ती सज्जन माणसे बॅटरीवर चर्चा करत बसतील. त्यांनी बायको, पल्लवी, पत्रिका, सगळे लिहून टाकले. शेवटी लिहिले, "क्षमा असावी. यापुढे मी फक्त वाचेन." आणि दिवसभर त्यांनी मोबाइल उघडला नाही.

सकाळी भीतभीत पाहिले, तर यारोस्लावचे उत्तर आले होते. "आम्ही इतके भांडलो, पण तारीख आधी विचारायचे एकालाही सुचले नाही. लाज वाटायची तर आम्हाला वाटू दे. तुम्ही लिहीत राहा." खाली त्याने स्वतःची जन्मतारीख, वेळ आणि गाव दिले होते. "नवी आवृत्ती पुन्हा कधी काढू, तेवढे बाईंना विचारा."

शालिनीने चष्मा चढवला. "बरो दिसता हो पोरगो. सरा बघू, तारीख मागे न्हेतंय."

कृष्णनाथांनी आधी प्रॉक्सी सर्व्हर बंद केला आणि तिला खुर्ची दिली.