जप्त जाहलेल्या चित्रवहीची हकीकत

॥ श्री ॥

स्वस्ति. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, कार्तिक मासी, मौजे कारेगाव येथे चित्रवहीच्या कारणे जो बखेडा जाहला, त्याचे वर्तमान चहाच्या टपरीवर एक, भाड्याच्या खोल्यांत दुसरे आणि व्हॉट्सअॅपी तिसरेच सांगितले जाते. तेणेंकरून पुढील पिढ्यांचा घोळ होईल हे जाणोन, जैसे घडले तैसे लिहोन ठेविले असे.

सुषमाबाई म्हणोन एक बाई. सासरचे घराणे पूर्वी मेंढरे राखोन रानोमाळ फिरणारे, हल्ली घर बांधोन स्थिर जाहलेले. बाई बाटल्यांची झाकणे करणाऱ्या कारखान्यात ठेक्यावर चाकरीस होत्या. चाकरी ऐसी की, पट्ट्यावरून झाकण येई, ते पाहावे, चांगले उजवे क्रेटात टाकावे आणि वाईट डावे क्रेटात, मग पुढचे झाकण. ऐसी आठ आठ तास झाकणे पाहता पाहता एके दिवशी बाईंस स्मरेना की काल काय घडले आणि परवा काय घडले. सर्व दिवस एकाच साच्यातून पडलेले दिसो लागले. मग बाई बहुत घाबरल्या, आणि शिरूरचे बाजारातून एक कोरी वही व निळे बॉलपेन आणोन पण केला की, रोज त्या दिवसाचे एक चित्र काढावे, त्याशिवाय अंथरुणास पाठ लावू नये.

पहिले दिवशी झाकण काढिले, ते भाकरीसारखे दिसले. दुसरे दिवशी भाकरी काढिली, ती झाकणासारखी दिसली. तिसरे दिवशी सासूबाई अनसाबाई तोंड उघडे टाकोन निजल्या होत्या त्या काढिल्या, त्या मात्र हुबेहूब अनसाबाई दिसल्या. सासूबाईंनी चित्र पाहोन फर्माविले, “दात न्हाईत तर नको काढू, पर नथ तरी काढायची, सुषमे!” तात्काळ चित्रात नथ काढोन घरचा मोर्चा शांत केला.

पुढे हात चालो लागला आणि बाईंनी वही कारखान्यात नेली. जेवणाचे सुटीत कॅंटीनची डाळ काढिली. तीत एक पाणबुड्या बुडी मारोन डाळीचा दाणा शोधतो आहे आणि वर बायका दोर धरोन उभ्या, ऐसे. मग सुपरवायझर भारतराव, ज्यांचा दरारा दोन्ही पाळ्यांवर, ते सुरक्षा सप्ताहाची शपथ चालली असता उजवा हात पुढे करोन उभ्या उभ्या झोपले होते, तेही काढिले. लाईनीवरील बायकांनी ते पान पाहिले आणि ऐसे हास्य उसळले की मशिनीचा आवाज लोपला. कारखान्याचे तक्त्यात हास्यास जागा नेमिलेली नव्हती. भारतराव चालोन आले.

“ओ सुषमाताई, काय चाललंय हे? आणा ती वही हिकडं.”

वही जप्त जाहली. इल्जाम ऐसा ठेविला की, दरवाजावर मोबाईल-कॅमेऱ्याने फोटो काढण्यास मनाई असा फलक असता बाईंनी कारखान्याची गुपिते कागदावर उतरविली. ठेका महिनाअखेरीस सरत होता, आणि नवा करणे भारतरावांचे शब्दावर. बाईंचे यजमान संपतराव शिक्रापूरकडे टेम्पो हाकीत होते, त्यांनी फोनावरून सल्ला दिला, “गप माफी माग आन् मोकळी व्हय.”

तीन दिवस बाईंनी माफीचे शब्द जुळविले, परंतु जुळेनात. तीन दिवस वहीवाचून गेले, ते तीन होते की एक, हे कळेना. बाई भाकरी थापता थापता रडल्या. तेव्हा अनसाबाईंनी चुलीपाशी बसोन विचारिले, “मेंढरू कुणी हाकून नेलं, तवा तुजा सासरा घरात बसायचा व्हय? जा आन् वही मागून आन.”

चौथे दिवशी बाई अर्ज घेवोन मॅनेजर सत्यजीतरावांचे दालनी दाखल जाहल्या. तेथे एसीची थंडी ऐसी की सह्याद्री लाजावा. भारतरावांनी वही मेजावर ठेवोन फिर्याद सांगितली. बाईंनी अर्ज केला की, फलकावर मोबाईल लिहिला आहे, कॅमेरा लिहिला आहे, पेन लिहिलेले नाही. साहेबांनी ते कलम बाजूस सारोन, पुरावा पाहतो म्हणोन वही उघडिली.

डाळीचे चित्र पाहोन भारतराव स्वतःच फिसकन हसले, कारण तीच डाळ तेही खात. साहेब हसले नाहीत, त्यांचा डबा घरून येई. मग शपथेचे पान निघाले. तेव्हा साहेब ऐसे हसले की चष्मा उतरोन पुसावा लागला, आणि भारतरावांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा जाहला. मग साहेब पुढे चाळो लागले. वॉचमन निघाला, फोर्कलिफ्टवाला निघाला, डबे खाणारे कुत्रे निघाले. साहेब शेवटापर्यंत गेले आणि मग शेवटापासोन पहिल्यापर्यंत आले. आता पुराव्याचा शोध नव्हता, हे दालनातील भिंतींसही समजले.

“यात मी कुठं आहे?”

बाईंच्या डोळ्यांपुढे महिनाअखेर उभी होती. तरी बोलल्या, “सायेब, मी रोज जे दिसतं त्येच काढते. तुम्ही लाईनीवर कवा दिसलाच न्हाई.”

भारतराव आपल्या बुटांची नाडी पाहो लागले. साहेबांनी वही मिटोन बाईंकडे सरकविली आणि हुकूम दिला की, चित्रे जेवणाचे सुटीत काढावी, मशिनीचे सुटे भाग वहीत काढो नयेत. माफीचा विषय निघालाच नाही.

दुसरे दिवशी जेवणाचे सुटीपूर्वी एक अपूर्व वर्तमान जाहले. साहेब इस्त्रीचा शर्ट आणि पिवळे हेल्मेट घालोन लाईनीवर अवतरले, आणि सुषमाबाईंस नीट दिसेल ऐशा जागी, कमरेवर हात ठेवोन, तिरपे तोंड करोन पाऊण तास उभे राहिले. काम पाहिले म्हणावे, तर नजर छताकडे. सुटी होताच बाईंनी चित्र काढिले आणि साहेबांनी स्वतः येवोन ते पाहिले. चित्रात साहेब होते, शर्ट होता, कंबर होती. हेल्मेटही होते, आणि त्यावर दुकानातील पारदर्शक प्लास्टिकची पिशवी जैसी होती तैसी होती.

साहेब “बरंय” म्हणाले. मग पाठ फिरवोन, कोणी पाहत नाही ऐसे समजोन, त्यांनी डोकीवरची पिशवी हळूच सोलोन खिशात घातली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. ठेका कायम राहिला. वही व पेन सुषमाबाईंचे ताब्यात आले. डाळ चार दिवस दाट, पाचवे दिवशी बदस्तूर पातळ. साहेब त्यानंतर लाईनीवर दोन वेळा आले, दोन्ही खेपांस न सांगता, आणि दुसऱ्या खेपेस त्यांनी एक झाकण हातात घेवोन पाहिले. ते वाईट होते. त्यांनी ते उजवे क्रेटात टाकिले. सुषमाबाईंनी उचलोन डावे क्रेटात घातले आणि त्या दिवसाचे चित्र तेच काढिले. इति.