सोमवारी लाल चालत नाही

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रंगांची जाण असलेला माझ्यासारखा प्रोग्रामर थायलंडातल्या अख्ख्या नाखोन सावनमध्ये दुसरा नाही! हे मी एकशे अठरा दिवस छातीठोकपणे सांगत होतो. एकशे एकोणिसाव्या दिवशी काय झालं ते ऐका.

आमची कंपनी तांदूळ निवडायची यंत्रं बनवते. वरून तांदूळ पडतो, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो आणि काळा किंवा किडका दिसला की हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवतो. चांगला तांदूळ पोत्यात, वाईट वाटीत. हे सगळं यंत्राला सांगायचं ते ‘मलेत’ नावाच्या भाषेत. ही भाषा पंधरा वर्षांपूर्वी आमच्या पी ऑईनं एकटीनं तयार केली. पी म्हणजे ताई. वयानं थोर बाईला नुसतं नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत नाही. मलेतचा स्वभावही थेट पी ऑईसारखा आहे. समोरच्याचं अर्धं ऐकायचं, उरलेलं आपल्या मनानं ठरवायचं आणि पदर खोचून कामाला लागायचं. थांबून विचारणं तिच्या रक्तात नाही.

आणि ही भाषा दिसायची कशी? काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं! आज्ञा पांढरी, आकडा पांढरा, शेरा पांढरा आणि चूकही पांढरी. बघावं तेव्हा सुतक असल्यासारखं वाटायचं. मालक खुन थवी (‘खुन’ म्हणजे आमच्याकडचं ‘श्रीयुत’) मला कामावर घेताना म्हणाले होते, एकशे एकोणीस दिवसांत काहीतरी करून दाखव, कायम करतो. नाहीतर तुझा रस्ता तुला मोकळा. घरी आईनं मी कायम झाल्याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना केव्हाच सांगून टाकलं होतं, त्यामुळे मला परतीचा रस्ता नव्हता. मी ठरवलं, मलेतला रंग द्यायचे.

तीन आठवडे खपलो. आज्ञा निळ्या केल्या, आकडे नारिंगी, शेरे करडे, आणि जी ओळ मलेतला कळत नाही ती लालभडक. एका सोमवारी सकाळी ते सुरू केलं आणि स्क्रीन अशी उजळली म्हणून सांगू! पी ऑईनं पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

“तोंग, आज वार कोणता?”

“सोमवार.”

“सोमवारी लाल? कुणी वाढवलं रे तुला?”

सोमवारी लाल अशुभ, हे काय मला माहीत नव्हतं? मी स्वतः सोमवारचा म्हणून पिवळा शर्ट घालून बसलो होतो. पण शर्टाचा नियम स्क्रीनलाही लागतो, हे डोक्यात आलं नव्हतं. दुपारी पी ऑईची स्कूटर पंक्चर झाली आणि वादच मिटला.

दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. माझ्या अंगात मात्र वारं शिरलं! एका वाराचे कशाला, सातही वारांचे रंग करतो! पी ऑईच्या टेबलावरचं शुभ रंगांचं कॅलेंडर उचललं आणि बसलो. मंगळवारी पिवळा बाद, बुधवारी गुलाबी, गुरुवारी जांभळा, शुक्रवारी करडा. ज्या वारी जो बाद, त्याच्या जागी त्या वाराचा लाभाचा रंग आपोआप यायचा. सोमवारी लाल बाद, म्हणून त्या जागी हिरवा. बिचाऱ्या चुकीलाही आठवड्यातून एकदा बरे दिवस यावेत, एवढाच माझा हेतू. ऑफिसात सगळे खूश झाले. खुन थवी तर रोज सकाळी आज कोणते रंग आलेत ते बघायला माझ्या टेबलाशी येऊ लागले.

माझा एकशे एकोणिसावा दिवस नेमका सोमवारी आला, आणि त्याच दिवशी यंत्र बघायला जे हुई आल्या. चार भातगिरण्यांची ही चिनी घराण्यातली मालकीण. लहानथोर सगळे तिला ‘जे’, म्हणजे थोरली बहीण, असंच म्हणतात. खुन थवींनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, यंत्र विकलं गेलं तर संध्याकाळी तुझं पत्र टाइप होईल. नाही विकलं तर काय, असं मी विचारल्यावर त्यांनी नुसतं दाराकडे पाहिलं.

जे हुई लालबुंद ब्लाउज घालून आल्या. पी ऑईनं डोळेच मिटून घेतले. चपला दाराशी काढून आम्ही चौघं यंत्रासमोर बसलो. पाचव्या खुर्चीवर जे हुईंची पर्स. खुर्च्या मुद्दाम वाईट दाणा पडतो त्या तोंडाशी मांडलेल्या, म्हणजे काळा दाणा टिणकन वाटीत पडलेला बाईंना दिसावा. वर त्यांच्याच गिरणीचा तीन पोती वासाचा तांदूळ भरलेला.

सुरू करणार तोच जे हुई म्हणाल्या, पिवळसर दाणा टाकायचा नाही, माझं जुनं गिऱ्हाईक तोच मागतं. पी ऑईनं मांडीवरच्या लॅपटॉपवर तिथल्या तिथे एक ओळ घातली. कंस उघडला. बंद करायचा राहिला. ओळ हिरवीगार झाली.

“बघ, लाभाचा रंग आला,” ती माझ्या कानाशी कुजबुजली.

सोमवारी हिरवं म्हणजे चूक, हे त्या खोलीत एकट्या मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी काय केलं? ती ओळ पाहिली, माझा ऊर भरून आला आणि मी मान डोलावली! इतकी सुंदर दिसत होती हो!

खुन थवींनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि ते रुबाबात खुर्चीवर येऊन बसले. उघड्या कंसापुढचं सगळं मलेतनं एकाच यादीत कोंबलं आणि नेहमीसारखी कामाला लागली. काळा बाहेर, किडका बाहेर, पिवळा बाहेर, पांढरा बाहेर! वाटी दोन सेकंदांत भरली. मग तांदूळ फरशीवर आला, मग आमच्या पायांशी.

बटण पाच पावलांवर होतं. पाच! पण मधे तांदूळ आणि आम्ही अनवाणी. भाताच्या आईला, आमच्या अन्नदेवीला, पायाखाली तुडवायचं? परदेशातून दोन पदव्या आणलेले खुन थवी क्षणात पाय वर घेऊन मांडी घालून बसले. जे हुईंनीही पाय वर घेतले. पी ऑईनं लॅपटॉप माझ्या मांडीवर टाकला आणि हात जोडून भाताच्या आईची क्षमा मागायला लागली. पुरात छपरावर चढलेल्या कोंबड्यांसारखे आम्ही चौघं खुर्च्यांवर!

मी घाईघाईनं लिहिलं, ‘थांब’. तीही ओळ हिरवी झाली. कंस उघडाच होता ना! ‘थांब’ हाही बाहेर फेकायचाच एखादा दाणा असणार, असं मलेतनं ठरवलं आणि जोर आणखी वाढवला.

शेवटी मी जे हुईंची पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली, माझ्या खुर्चीवर उभा राहिलो आणि रिकामी खुर्ची उचलली. एक पुढे ठेवायची, तिच्यावर जायचं, मागची ओढायची, असं करत बटणापर्यंत पोचायचं.

“थांब!” खुन थवी म्हणाले. “खुर्चीचे पाय हेसुद्धा पायच ना?”

खुर्ची हवेत धरून मी उभा. खाली तांदूळ वाढतोय. पी ऑईच्या मते लाकडी खुर्ची चालली असती, प्लास्टिकची नाही. खुन थवींच्या मते लाकूड तर उलट जास्त वाईट, कारण त्याला जीव असतो.

“खुर्चीला आई नसते,” जे हुई म्हणाल्या. “जा रे तू.”

गेलो. बटण बंद केलं. शेवटचे चार दाणे पडले. आईला काय सांगायचं, याची मी भिंतीकडे तोंड करूनच जुळवाजुळव करू लागलो. जे हुईंनी चष्मा चढवला, मांडीवर उडालेला मूठभर तांदूळ तळहातावर पसरला आणि बोटानं चाळत बसल्या.

“एवढा मार खाल्ला, पण एकही दाणा तुटलेला नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे निवडताना पाचात एका दाण्याची कणी होते. दोन यंत्रं द्या.”

मला तर नाचावंसं वाटलं! पण खाली तांदूळ होता. जे हुईंनी विचारलं, एवढी मोठी चूक तुमच्या स्क्रीनवर दिसली कशी नाही? खुन थवींनी पी ऑईकडे पाहिलं, पी ऑईनं माझ्याकडे. मी हिरव्याची सगळी हकिकत सांगितली.

“आमच्या घरात लाल रंगानं कुणाचं वाकडं झालेलं नाही,” जे हुई म्हणाल्या. “माझ्या गिरणीत चूक लाल दिसली पाहिजे. सातही वार.”

पी ऑईनं तिथेच सांगून टाकलं, सोमवारी लाल दाखवणाऱ्या यंत्राला मी हात लावणार नाही. आणि मलेत तिच्याशिवाय कुणाला येते? झालं, सौदा अडकला. खुन थवी मांडी घालून विचारात पडले. मग त्यांची नजर हळूहळू माझ्यावर येऊन थांबली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

संध्याकाळी पत्र टाइप झालं. आईनं शेजाऱ्यांना पुन्हा एकदा सांगितलं आणि या वेळी ते खरं होतं. हुद्दा तेवढा विचारू नका. जे हुईंच्या गिरणीत यंत्राशेजारी स्टुलावर बसायचं, डोक्यावर लाल टोपी घालायची आणि स्क्रीनवर ओळ हिरवी झाली की उभं राहायचं. बाकीचे सहा वार स्क्रीन स्वतःच लाल दाखवते, माझी गरज पडत नाही. थोडक्यात काय, मी कायम झालो. फक्त सोमवारपुरता.