बिनआवाजाचा कॉम्प्युटर

शरद वर्तक कॉम्प्युटर कान लावून निवडतात. लोक आंबा वासावरून घेतात, कलिंगड टिचकी मारून घेतात, तिथवर ठीक आहे. हा माणूस भर दुकानात गुडघ्यांवर बसतो, चष्मा काढून माझ्या हातात देतो, चालू कॅबिनेटच्या पत्र्याला उजवा कान चिकटवतो आणि डोळे मिटतो. आजूबाजूची गिऱ्हाइकं गप्प होतात. मग डोळे उघडून निकाल देतो, “बोलतोय.” बोलतोय म्हणजे नापास. अगदीच वाईट असेल तर, “बडबड्या आहे.”

चष्मा धरायला मी असतो, म्हणून हे सगळं मला माहीत. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत वर्तककाका समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात आणि मी आयटीत आहे. आयटीत नेमकं काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी पगाराच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. कॅबिनेट मी जन्मात उघडलेलं नाही. पण “तुम्ही कॉम्प्युटरमध्येच ना?” एवढ्या एका प्रश्नावर माझे शनिवार गेले. दातांच्या डॉक्टरला कोणी ‘तुम्ही तोंडाचंच बघता ना, मग जरा गाणं शिकवा’ असं म्हणतं का?

काकांना हवा होता तीन मॉनिटरचा कॉम्प्युटर. “एडिटिंगला,” असं ते आधी म्हणाले. तेही पटण्यासारखं होतं. लग्नांचं शूटिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, आणि अजूनही कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण घरी बसून कापून-जोडून देतात. पण दुसऱ्या भेटीत हळूच म्हणाले, “आणि थोडं गेमिंग.” थोडं! गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, तोही तिन्ही स्क्रीनवर पसरलेला. निवृत्तीनंतर माणसं योगासनं करतात, टेकडी चढतात, फार तर वर्तमानपत्राला पत्रं लिहितात.

तरी मी काही बोललो नसतो. माझं डोकं फिरलं ते काकूंमुळे.

वर्तककाकू म्हणजे गणिताच्या बाई. त्यांचा आवाज असा, की पार्किंगमध्ये कुणी स्कूटर तिरकी लावली की वरून एक हाक यायची आणि चालवणारा हेल्मेट न काढता आधी स्कूटर सरळ करायचा. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातापायांत बरीच सुधारणा झाली, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण त्यांनी बोलत राहायला हवं; जितकं गप्प राहतील तितकं अवघड होत जाईल. आणि नेमक्या काकू बोलायलाच तयार नाहीत. सुरुवातीला एकदा पाहुण्यांसमोर ‘पाणी’ म्हणायला गेल्या आणि भलतंच काहीतरी बाहेर पडलं. त्या दिवसापासून माणसासमोर ओठ मिटले ते मिटलेच. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, तर काकू भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःची चूक कुणाच्या कानावर पडू द्यायची नाही, असा हट्टच धरला होता त्यांनी.

अशा बाईच्या नवऱ्याने काय करावं? चोवीस तास तिच्यापाशी बसावं, गप्पा माराव्यात, काहीतरी करावं. हा माणूस काय करत होता? ग्राफिक्स कार्डाचे पंखे ऐकत होता.

नारायण पेठेतल्या दुकानात तर कहर झाला. काकांनी आधी छताचा पंखा बंद करायला लावला. मग एसी. मग मालक फोनवर बोलत होते, त्यांच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. मालकांनी फोन ठेवला आणि विचारलं,

“श्वास घेतला तर चालेल का?”

“हळू घ्या,” काका म्हणाले आणि पत्र्याला कान लावला.

“अहो, आम्ही कॉम्प्युटर विकतो, तानपुरे नाही.”

“तानपुरा सुरात तरी असतो. हा बडबड्या आहे.”

मी चष्मा हातात धरून भिंतीवरच्या किमतीच्या पाट्या वाचत होतो. आपण यांच्याबरोबर आलेलो नाही, असं दाखवायला दुकानात दुसरी जागाच नव्हती.

काकांसाठी मी रात्री जागून वाचलं होतं, एक तगडं कार्ड शोधून काढलं होतं. त्यावर खेळ लोण्यासारखा चालतो, असं सगळे लिहीत होते. काकांनी एवढंच विचारलं, “जोर पडला की याचे पंखे काय करतात?” मी म्हणालो, पळतात, पंख्यांनी दुसरं काय करायचं असतं? “मग नको.” त्यांनी त्याच्याहून खालचं कार्ड घेतलं, गरम झाल्याशिवाय ज्याचे पंखे फिरतच नाहीत असं. कॅबिनेट मात्र कपाटाएवढं. त्यात ताटाएवढे पंखे, कारण मोठा पंखा हळू फिरला तरी भागतं. पॉवर सप्लाय गरजेच्या दुप्पट ताकदीचा, का तर तो दमला की गुरगुरतो. रंगीत दिवे असलेली रॅम त्यांनी मुकाट्याने घेतली. “दिवे बोलत नाहीत,” म्हणाले.

“एवढं करून यात खेळ पळायचा नाही, रांगेल,” मालकांनी बजावलं.

“रांगू दे.”

“रांगायचंच असेल तर तीन मॉनिटर कशाला? एकावर रांगा की!”

दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी शहाण्यासारखं बोललं होतं. पण काका ढिम्म. “तीन म्हणजे तीनच. आणि मोठे.”

कॉम्प्युटर घरी आला, जोडून झाला, आणि सोसायटीला विषय मिळाला. हॉलमध्ये आतल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून काका बसायचे, समोर तीन स्क्रीनची भिंत, कानांवर वाट्यांएवढे हेडफोन. खालच्या बाई मला जिन्यात अडवून म्हणाल्या, “बायको आत पडलीय आणि हे गाड्या उडवतायत. तुम्हीच आणून दिलात म्हणे?” मी आणून दिला! माझी बायको नीता काकूंना सूप द्यायला गेली, ती तणतणतच परत आली. “त्या माउलीनं हाक मारली तरी यांना ऐकू जायचं नाही. हेडफोन काय, खेळ काय! आणि तू चष्मे धरत हिंडलास.”

हे मात्र मला झोंबलं. पुण्यात शेजाऱ्याला दोन शब्द सुनवायला कारण लागत नाही, माझ्याकडे तर कारणही होतं. संध्याकाळी ऑफिसमधून आलो आणि चपला दाराशी काढून तडक त्यांच्या घरात शिरलो. दार लोटलेलंच होतं. हॉलभर मॉनिटरची खोकी, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या. पाय ठेवायला जागा नाही. मी आवाज चढवायला तोंड उघडलं, तोच काकांनी मान वळवली.

कानांवर हेडफोन, मी अनवाणी, आणि यांना कळलं कसं?

त्यांनी माझं मनगट धरून मला दाराआडच्या स्टुलावर बसवलं, आतून दिसणार नाही असं. तोंडावर बोट ठेवलं. मग मला हेडफोनची वायर दिसली. ती टेबलाखाली नुसती लोंबकळत होती. कशालाच जोडलेली नव्हती.

कॉम्प्युटर चालू होता, पण कपाटाएवढ्या पेटीतून काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. मधल्या स्क्रीनवर काकांची गाडी एका भिंतीला पुनःपुन्हा धडकत होती. आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

“प... प... सा...”

जड, अडखळलेला, पण काकूंचाच. मी उठायला लागलो. काकांनी मला खांदा धरून बसवलं, डाव्या स्क्रीनवर कोरं पान उघडलं आणि टाइप करू लागले.

‘मी गुंतलोय असं वाटलं तरच बोलते. पूर्वी एडिटिंगला बसलो की आतून मला मनसोक्त शिव्या घालायची. याला काय ऐकू येतंय, असं समजून.’

आतून पुन्हा, “प... सा...”, मग एक दीर्घ श्वास.

‘जुन्या मशिनचा पंखा एकदा खेळताना अडकला. स्क्रीन चालू, आवाज बंद. तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. प्रयत्न करत होती. मशिन चालू असताना रोजच करत असणार, आणि मला तो पंखाच ऐकू यायचा. बंद ठेवलं तर ती गप्प. नुसतं चित्र लावून बसलो तर ओळखेल, गणिताची बाई आहे. एक स्क्रीन असला की मी मधूनच मागे बघतो, हेही तिला माहीत आहे. म्हणून तीन.’

काकांचं टाइप करणं थांबलं. त्यांचा चेहरा स्क्रीनकडे होता, पण सगळा माणूस पाठीमागे ऐकत होता. गाडी वळवायचं बटण त्यांनी दाबून धरलं होतं, गाडी जागच्या जागी गोल फिरत होती.

“प... सा... रा!”

शेवटचं ‘रा’ असं आलं, की पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटर सरळ झाल्या असत्या. काकांचे खांदे हलले. डोळ्यांतलं पाणी हेडफोनच्या गादीवर उतरलं, तरी हात वर नेऊन त्यांनी ते पुसलं नाही. आतून दिसलं असतं.

निदान काकूंचं ऐकावं म्हणून मी वाकून पायाजवळचं एक खोकं उचलायला गेलो. काकांनी माझ्या हातावर फटकन चापट मारली आणि घाईघाईने टाइप केलं,

‘खोक्यांना हात लावू नका. अजून पूर्ण वाक्य यायचंय.’