दरवाज्यात कोण उभं राहतं?

माझी कुसुमआत्या हॉटेलचं भाडं विचारत नाही. एसी आहे का, नाश्ता मिळतो का, खोलीतून समुद्र दिसतो का, यातलं काहीच विचारत नाही. तिचा प्रश्न एकच असतो : "सकायी मानूस निंगते, तवा दरवाज्यात कोन उभं रायते?"

मागच्या हिवाळ्यात हा प्रश्न मला कोचीतल्या बऱ्याच हॉटेलवाल्यांना इंग्रजीत विचारावा लागला. माझं इंग्रजी चांगलं आहे, पण अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की मी नंबर लावायचंच टाळते. आत्या शेजारी बसून कोपराने ढोसत होती. "विचार ना वं. लाजून कावून रायली? थो काय फोनातून बाहीर येते?"

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नगरपालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, आणि अकोला स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत एकटी राहते. तिचं घर आमच्या सगळ्या गोतावळ्याचं आदल्या रात्रीचं घर आहे. पातूरच्यांना पहाटेची गाडी असली की ते आत्याकडे मुक्कामाला. आम्हा अमरावतीकरांना दक्षिणेकडची गाडी अकोल्याहून पकडायची असली की आम्हीही आत्याकडे. तिचं म्हणणं असं, की प्रवास कोणीही करतं, आदली रात्र सांभाळता आली पाहिजे. पाहुणा आला की ती उशी आधी स्वतःच्या डोक्याखाली घेऊन बघते. घड्याळाचा गजर लावू देत नाही. पहाटे अंधारात पांघरूण ओढते आणि म्हणते, "ऊठ माय, गाडी काई आपली नोकर नाई." चहा होईपर्यंत तिखट पुऱ्या आणि जवसाची चटणी बांधून तयार असते.

आणि मग तिचा नियम. फाटकातून निघाल्यावर मागे वळून पाहायचं नाही. "पायलं की पाय जड होतेत," ती सांगते. आम्ही कोणी पाहत नाही. पण गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीपाशी वळलं की मागून फाटकाची लोखंडी कडी लागल्याचा आवाज येतो. आधी कधीच येत नाही. मी हैदराबादला शिकायला गेले, तेव्हा घर सोडून राहायची कल्पनाही मला सोसत नव्हती. पण त्या गल्लीतून चालताना, आपण वळेपर्यंत कडी लागणार नाही, हे माहीत असायचं. तेवढ्यावर मी कित्येकदा स्टेशनपर्यंत पोचले आहे.

मला नोकरी लागली तेव्हा मी तिला विचारलं, "आत्या, तुला काय पाहिजे?" वाटलं, साडी म्हणेल.

"दर्या," ती म्हणाली. "खारं पानी त आपल्या इकडं बोअरलेबी लागते. पन दर्या पायला नाई म्या."

म्हणून मी लक्षद्वीपची बोट ठरवली. कोचीहून निघायचं, बेटं बघायची, परत यायचं. बोट सकाळची, म्हणजे आदली रात्र कोचीत. इथे सगळं अडलं.

मी फोनवर हॉटेलांचे फोटो दाखवले. लोकांनी लिहिलेले अभिप्राय मराठीत करून वाचले : खोली स्वच्छ, गादी मऊ, झोप उत्तम.

"हे लिवनाऱ्याचं गाव कोनतं?"

"ते लिहिलेलं नसतं, आत्या."

"मंग त्याच्या झोपेवर आपून भरोसा कसा ठेवाव? फोन लाव."

पहिल्या हॉटेलने सांगितलं की दारात चोवीस तास सुरक्षारक्षक असतो. आत्याने मान हलवली. "थो त सगळ्यायसाठीच उभा हाये. आपल्यासाठी कोन?" दुसऱ्याने फार काळजीने विचारलं, मॅडमना व्हीलचेअर लागेल का? तिसरा अभिमानाने म्हणाला की त्यांच्याकडे निघताना कोणाला भेटावंच लागत नाही. किल्ली पेटीत टाकायची आणि चालू लागायचं.

"अरे बाप्पा!" आत्या म्हणाली. "हे त चोरावानी झालं."

अमरावतीहून बाबांचा फोन आला, तेव्हा त्यांना हसू आवरेना. आत्याला ते बाई म्हणतात. "बाईले दर्या दाखवाले निंगाली, आन दरवाज्यातच अडकली!"

पण आत्या थट्टा करत नव्हती. संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने मला अगदी शांतपणे सांगितलं, "ईशू, असं घर नाई भेटलं त मी येत नाई. दर्या त्याच्या जागी बरा, मी माया जागी."

बोटीच्या तिकिटांचं काय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिच्याकडे पाहिलं आणि शेवटचा म्हणून एक नंबर लावला. जुन्या कोचीतलं एक घर, वरच्या दोन खोल्या भाड्याने देणारं. फोन लीलाअम्मा नावाच्या बाईंनी उचलला. मी आत्याचा म्हणून प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मीच उभी राहते. गुडघे दुखत असले तर खुर्ची टाकून बसते. चालेल का, विचार."

मी विचारलं.

"बसली त काई हरकत नाई," आत्या म्हणाली. "हेच घर घे."

निघायच्या दिवशी आत्याने पुऱ्या स्वतःच केल्या आणि स्वतःच बांधल्या. घराला कुलूप लावलं, फाटकाबाहेर आली आणि आत हात घालून कडी सरकवली. मग कोपऱ्यापर्यंत नेहमीपेक्षा भरभर चालली. गिरणीपाशी वळल्यावर मागून काहीच आवाज आला नाही. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं, की तिला निरोप द्यायला त्या फाटकात कधी कोणी असणारच नव्हतं.

कोचीत आत्या आणि लीलाअम्मा एकमेकींच्या भाषेतला एक शब्दही न कळता संध्याकाळभर बोलल्या. सकाळी लीलाअम्मांनी केळीच्या पानात काहीतरी गरम बांधून दिलं. फाटकात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ठेवली होती, पण त्या बसल्या नाहीत.

गल्ली अरुंद, रिक्षा मोठ्या रस्त्यावर. आम्ही चालू लागलो. आत्याची मान ताठ, नजर समोर.

"पाय बरं, हाये काय वं अजून?" तिने ओठ न हलवल्यासारखं विचारलं.

तिचाच नियम मोडून मी मागे पाहिलं. "आहेत. हात करताहेत."

"असू दे. तू नको पाऊ आता."

आम्ही कोपऱ्यावर वळलो. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, पण आत्या पिशवी छातीशी धरून भिंतीजवळ थांबली. मग मागून, लांबून, लोखंडाचा छोटासा आवाज आला.

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला.

"लागली," ती म्हणाली. "चाल आता लवकर. बोट काई आपली नोकर नाई."