रकाबीवरचा पूल

त्या सालांत अमरावतीत कोणीही परका माणूस उतरला, मग तो कच्छी असो, पारशी असो की गोरा साहेब, त्याला बैल सोडायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे.

"हा पूल कोन्या गावचा?"

विचारणारे आमचे शेजारी पुंजाजीकाका. पूल होता त्यांच्या काखेतल्या रकाबीवर. चिनी मातीची, ताटाएवढी पांढरी रकाबी. तिच्यावर निळ्या रंगात नदी, नदीवर कमानीचा पूल, काठाशी झुकलेलं झाड, एक नाव, वर दोन पाखरं, आणि पुलावरून चाललेली तीन माणसं. असलं काही आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. लोक चपला काढून बघत. काका ती पिंजलेल्या रुईत गुंडाळून ठेवत. बघणाऱ्याने आधी हात धुवायचे, मग काका ती उन्हात धरत आणि बजावत, "नीट पाह्य. घाई नको करू."

दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्या उपाशी होत्या, आणि आमच्याकडे बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. सारी दुनिया आमच्या दारावरून जात होती. काकांना त्या दुनियेकडून एवढंच हवं होतं, की पुलाचं गाव सांगा.

त्याला कारण होता नथू, त्यांचा एकुलता मुलगा. बापाशी भांडला आणि एका परक्या तांड्याच्या कापूसगाड्यांबरोबर निघून गेला. मिर्झापूरच्या वाटेने की मुंबईच्या, कोणी पाहिलं नाही. पुढल्या हंगामात एका गाडीवानाने ही रकाबी आणून दिली. त्याला ती वाटेत दुसऱ्याने दिलेली, दुसऱ्याला आणखी कोणी. हात बदलता बदलता निरोप एवढाच उरला होता: पुंजाजीले दे, पोरानं धाडली.

नथूला अक्षर येत नव्हतं. तेव्हा काकांनी ठरवलं, पोराने आपल्या गावाचं चित्रच धाडलं. पूल सापडला की पोरगा सापडला. पुलावरचा तिसरा माणूस तर नथूच होता. "चालनं पाह्य त्याचं. एक खांदा पाडून."

तपास मात्र कडक. घोडे विकणारा पठाण म्हणाला, हा पूल काबूलच्या वाटेवरचा. काकांनी विचारलं, "पानी किती?" पठाण म्हणाला, गुडघाभर. "मंग नाव कशी चालते?" पठाण बाद. एक शेटजी म्हणाले, चिनी माती म्हणजे चीनचीच. "माती चीनची असन. पूल कोठचा?" शेटजीही बाद. गोऱ्या साहेबाने तर रकाबी विकत मागितली. काका घरी येऊन चार दिवस बडबडत होते, "गाव सांगत नाई अन् भाव सांगते."

अशात मी मुंबईहून बी.ए. होऊन आलो. वांगी-मिरची पिकवून विकणाऱ्या घरातला पहिला. हे मी तेव्हाही न विचारता सांगत असे, आजही सांगतो. काकांनी माझ्या हातावर स्वतः पाणी घातलं. मी रकाबी उलटी करू लागलो, तशी त्यांनी मनगट धरलं.

"हळू बाप्पा. पुलावर मानसं हायेत."

मागे विलायतेच्या कारखान्याचा इंग्रजी शिक्का होता. खरं तर त्याचीही गरज नव्हती. बंदराजवळच्या दुकानांत गवतात रचलेल्या अशा रकाब्यांच्या चळती मी कॉलेजात असताना येता-जाता पाहिल्या होत्या. तीच नदी, तीच पाखरं.

मला घोळवून बोलता येत नाही. म्हणालो, "काका, असा पूल कोठीच नाई. विलायतेत कोनीतरी मनानं काढला, चीनसारखा दिसावा म्हून. छिटाच्या कापडावर ठसा मारतेत, तसा मारला. मुंबईत ढीग पडले हायेत असे."

काकांनी रकाबी माझ्या हातातून घेऊन सुलटी केली.

"साऱ्यायवर हा तिसरा हाय?"

"साऱ्यायवर."

"अन् इकतेत मुंबईले?"

"हो. बंदरावर."

"मंग नथू मुंबईले हाय."

"घेतली तवा होता," मी म्हणालो.

"होता तं होता. समुद्र नाई न ओलांडला." त्यांनी फेट्याच्या टोकाने तोंड पुसलं. "बी.ए. कामाचं हाय गड्या."

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला. मुंबईकडे निघालेल्या प्रत्येक गाडीवानाला थांबवून काका सांगू लागले, "एक खांदा पाडून चालनारा पोरगा दिसला तं म्हनजो, बाप भांडन इसरला." गाडीवान हसत, मान हलवत, बैलांना हाकत.

रकाबी आता पेटीत जाईल असं मला वाटलं होतं. पण एका दुपारी गाड्या निघून गेल्यावर पाहतो, तर काका एका रिकाम्या गाडीच्या जुवावर बसलेले, आणि रकाबी उन्हात धरलेली.

"काका, थो पूल खोटा हाय. सांगतलं न तुमाले."

"मालूम हाय." त्यांनी नजर काढली नाही. "पन घेतानी त्यानं पाह्यलाच असन न बाप्पा. असाच हातात धरून. बापाले आवडन का म्हून."

मी रांजणाशी जाऊन हात धुऊन आलो. काकांनी जुवावर सरकून जागा केली.

"नीट पाह्य," ते म्हणाले. "घाई नको करू."